एका विद्यार्थ्यामागें किती खर्च?

मुंबईंत मालमत्ता कराचें बिल हातीं आलें म्हणजे गृहस्थाची नजर बहुधा शेवटच्या रकमेकडे जाते. वरच्या ओळी कोणी फारसें वाचीत नाहीं. त्या ओळींत पाणी, मलनिःसारण, रस्ते यांच्या जोडीला शिक्षण उपकराची ओळ असते, आणि तीहि दोनदां येते. एक महानगरपालिकेचा शिक्षण उपकर आणि दुसरा राज्याचा. राज्याच्या या उपकराचा पाया १९६२ सालच्या कायद्यांत आहे. ज्या घरांत शाळेंत जाणारें एकहि मूल नाहीं त्या घराला तो चुकत नाहीं, आणि ज्या घरांतील मुलें भारी फी भरून खासगी शाळेंत शिकतात त्या घरालाहि तो माफ नाहीं. अशा वेळीं सुज्ञ नागरिकाच्या मनांत साहजिकच तीन प्रश्न उभे राहतात. हा पैसा जातो कोठें? सार्वजनिक शाळा चालते ती नेमकी कोणाच्या पैशावर? आणि एका मुलाला एक वर्ष शिकविण्यास समाजाला खर्च तरी किती येतो?

तिसऱ्या प्रश्नाला सरकारी कागदांतून व वर्तमानपत्रांतून एका आकड्यानें उत्तर दिलें जातें. तो आकडा निघतो कसा, त्यांत काय धरलें जातें आणि काय सुटतें, हें जाणल्यावांचून त्यावर विसंबणें बरें नव्हे. कारण त्याच आकड्याच्या आधारानें खेड्यापाड्यांतील हजारों लहान शाळा ठेवाव्या कीं मिटवाव्या याची चर्चा आज चालू आहे.

शाळेसाठीं कर घेण्याची प्रथा आपल्याकडे दीडशें वर्षांहून जुनी आहे. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यानें लोकशिक्षणाची जबाबदारी सरकारनें तत्त्वतः पत्करली, आणि खासगी संस्थांना अनुदान देण्याची पद्धति त्याच खलित्यांतून निघाली. परंतु खलित्यानें शाळा चालत नाहीं. तिला पैसा लागतो. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें जमीनमहसुलाच्या दर रुपयावर एक आणा 'लोकल फंड' म्हणून घेण्यास पक्का आधार मिळाला, आणि त्या आण्याचा एकतृतीयांश भाग शाळांकडे व बाकीचा रस्त्यांसारख्या स्थानिक कामांकडे जाऊं लागला. आणा बारा पैंचा. म्हणजे शेतकऱ्यानें सरकारांत भरलेल्या दर रुपयामागें चार पै शाळेच्या नांवें पडत.

या चार पैंचा लाभ खरोखर कोणाला होतो, हें विचारणारा पहिला मोठा आवाज जोतीराव फुले यांचा. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन ठेवलें त्याचा गाभा हिशेबाचाच होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा ओघ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असें त्यांचें म्हणणें होतें. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी त्याच हिशेबांतून निघाली होती.

सक्ती म्हटली कीं खर्चाची वांटणी आलीच. १९११ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें, तेव्हां वाढत्या खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेनें व दोन हिस्से सरकारनें सोसावे अशी योजना त्यांनीं पुढें ठेवली होती. १९१२ सालीं तें विधेयक अडतीस विरुद्ध तेरा मतांनीं फेटाळलें गेलें. वास्तविक देशी संस्थानांनीं याबाबत ब्रिटिश सरकारला मागें टाकलें होतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ सालीं तो सर्व राज्याला लागू केला. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तोच मार्ग धरला. त्यानंतर १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना सक्तीचें शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे दिला, १९४७ च्या कायद्यानें ती व्यवस्था नव्यानें बांधून सरकारचा ताबा वाढविला, आणि १९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्यावर खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हातीं गेल्या.

या सर्व काळांत लोकांनीं शाळांसाठीं जें आपण होऊन दिलें त्याची नोंद सरकारी जमाखर्चांत सांपडत नाहीं. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या कार्यासाठीं खेड्यांतील घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढलें जाई. त्याला 'मुष्टिफंड' म्हणत. गांवकऱ्यांनीं दिलेली जागा, श्रमदानानें उभी केलेली भिंत, पाटलाच्या वाड्यांतली ओसरी, मंदिराचा सभामंडप, यांवर महाराष्ट्रांतील किती तरी शाळांचीं पहिलीं वर्षें निघालीं. शाळेच्या खर्चाचा आकडा वाचतांना हा न लिहिलेला भाग ध्यानांत ठेवावयास हवा.

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. राज्यघटनेंत आरंभीं शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय होता; १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तो केंद्र व राज्य या दोहोंचा झाला. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि तो हक्क प्रत्यक्षांत आणणारा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. हक्क झाला म्हणजे त्याचा खर्च ऐच्छिक राहत नाहीं. तो कोणीं उचलावयाचा, एवढाच प्रश्न उरतो.

तो भार मुख्यतः तीन तिजोऱ्या उचलतात. पहिली आणि सर्वांत मोठी राज्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर पाटी जिल्हा परिषदेची असली, तरी शिक्षकाच्या पगाराचा पैसा राज्याच्या तिजोरींतून येतो. दुसरी केंद्राची. २०१८ पासून चालू असलेल्या समग्र शिक्षा योजनेंत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठीं केंद्रानें साठ व राज्यानें चाळीस असें प्रमाण आहे. ईशान्येकडील व हिमालयांतील राज्यांना तें नव्वदास दहा असें पडतें. या कामासाठीं केंद्रानेंहि उपकराचा मार्ग धरला. २००४ सालीं केंद्रीय करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसला, २००७ सालीं माध्यमिक व उच्च शिक्षणासाठीं आणखी एक टक्का त्यांत आला, आणि २०१८ पासून आयकरावर चार टक्के 'आरोग्य व शिक्षण उपकर' घेतला जातो. म्हणजे आयकर भरणारा गृहस्थ शाळेला घराच्या बिलांतून देतो तसा उत्पन्नांतूनहि देतो. आणि बाजारांत एखादी वस्तु विकत घेणारा गरिबांतला गरीब माणूस वस्तूवरील करांतून आपला वांटा उचलीत असतो. तिसरी तिजोरी नगरपालिका व महानगरपालिका यांची. मुंबईंत प्राथमिक शाळा चालविणें हें महानगरपालिकेचें कायद्यानें ठरलेलें बंधनकारक कर्तव्य आहे.

शाळांचेहि प्रकार निरनिराळे आहेत. जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या शाळा या सर्वस्वी सार्वजनिक. खासगी अनुदानित शाळांत इमारत व कारभार संस्थेचा, पण शिक्षकांचें वेतन सरकारचें. शिवाय खडू, वीज, दुरुस्ती अशा कामांसाठीं वेतनेतर अनुदानाची तरतूद. मुंबई-पुण्याकडच्या अनेक जुन्या मराठी शाळा या वर्गांत मोडतात. तिसरा वर्ग विनाअनुदानित शाळांचा. त्यांतील कांहीं शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी मिळाली होती. २००९ सालीं त्यांतील 'कायम' हा शब्द गाळला गेला, आणि पुढें अशा शाळांना टप्प्याटप्प्यानें अनुदान देण्याचें धोरण आलें. वर्षानुवर्षें अर्ध्यामुर्ध्या पगारावर वा पगारावांचून शिकविणारे शिक्षक याच वर्गांतले. चौथा वर्ग २०१२ च्या कायद्यानें निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. त्यांचा सर्व डोलारा फीवर उभा असतो.

आतां प्रत्यक्ष हिशेब मांडूं. एखादी पहिली ते पांचवीची जिल्हा परिषदेची शाळा घेतली, तर एका मुलाच्या हातीं वा पोटांत थेट काय पडतें? समग्र शिक्षा योजनेप्रमाणें गणवेशाच्या दोन जोडांसाठीं वर्षाला ६०० रुपये आणि प्राथमिक वर्गाच्या पाठ्यपुस्तकांसाठीं २५० रुपयांपर्यंत अशी तरतूद आहे. दुपारच्या आहारासाठीं दर दिवशीं १०० ग्रॅम धान्य केंद्राकडून मिळतें, आणि डाळ, भाजी, तेल, मीठ यांसाठीं मे २०२५ पासून दर मुलामागें दिवसाला ६ रुपये ७८ पैसे असा दर ठरला. पहिली ते पांचवीसाठीं कायद्यानें वर्षाचे निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. त्या हिशेबानें वर्षाचें धान्य वीस किलो आणि इतर साहित्याचे सुमारें १,३५६ रुपये होतात. गणवेश, पुस्तकें व आहाराचें साहित्य मिळून ही रक्कम २,२०६ रुपये भरते. स्वयंपाक करणाऱ्या बाईंचें मानधन यांत धरलेलें नाहीं. शाळेच्या किरकोळ खर्चासाठीं जें एकत्रित अनुदान मिळतें तें पट तीसपर्यंत असल्यास वर्षाला १०,००० रुपये आणि एकतीस ते शंभर असल्यास २५,००० रुपये असतें. खडू, फळा, वीज, शौचालयाची स्वच्छता, फुटलेलें कौल, सगळें यांतच.

या रकमा ऐकून कोणासहि वाटेल कीं, एका मुलाचें शिक्षण फार स्वस्त आहे. परंतु खर्चाचा खरा भार अद्याप यावयाचाच आहे, आणि तो म्हणजे शिक्षकाचा पगार. २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें प्राथमिक शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन, असें प्रमाण आहे. हिशेबाच्या सोयीसाठीं एका अनुभवी शिक्षकाचा महिन्याचा पगार साठ हजार रुपये धरूं. दोन शिक्षकांचा वर्षाचा पगार होतो १४ लाख ४० हजार. पट साठ असेल तर दर मुलामागें २४,००० रुपये पडले. आतां त्याच शाळेंत एक मूल वाढलें आणि पट एकसष्ट झाला, तर तिसरा शिक्षक आला. पगाराची रक्कम २१ लाख ६० हजार झाली आणि दर मुलामागें खर्च सुमारें ३५,४१० रुपयांवर गेला. उलट पट साठावरून बारांवर आला, तर दोन शिक्षकांचा पगार तोच राहून दर मुलामागें तो १,२०,००० रुपये होतो.

येथें क्षणभर थांबून विचार करण्यासारखें आहे. साठांच्या शाळेंतलें मूल आणि बारांच्या शाळेंतलें मूल यांना मिळणारा गणवेश तोच, पुस्तकें तींच, भातहि तेवढाच. तरी एकाचा खर्च दुसऱ्याच्या पांचपट दिसतो. याचें कारण अंकगणितांत आहे. दर मुलामागील खर्च हा भागाकार आहे. शिक्षकांचा पगार व शाळेचा इतर खर्च हा भाज्य आणि मुलांची संख्या हा भाजक. भाज्य स्थिर राहून भाजक लहान झाला कीं भागाकार फुगतो. चौथीच्या वर्गांत शिकविलेला हा साधा नियम मोठमोठ्या चर्चांत विसरला जातो, आणि फुगलेला भागाकार पाहून लहान शाळेंतील मुलांवर सरकार पैसा उधळीत आहे असा समज पसरतो.

भागाकार उतरविण्याचा आणखी एक मार्ग आहे. तो म्हणजे भाज्यच कमी करणें. २००० सालीं महाराष्ट्रांत शिक्षणसेवक योजना आली. तीप्रमाणें नव्या प्राथमिक शिक्षकास पहिलीं तीन वर्षें महिना ३,००० रुपये मानधनावर काम करावें लागे. पुढें तें मानधन ६,००० झालें, आणि २०२३ सालीं १६,००० वर आलें. या काळांत दर मुलामागील खर्चाचा आकडा उतरला असेल, पण तो उतरला तो तरुण शिक्षकाच्या संसारांतून. मुलाला शिकविण्याचें काम तेवढेंच राहिलें. त्याची किंमत सरकारी वहींतून उठून शिक्षकाच्या घरीं गेली. खर्च कमी दिसला म्हणजे तो नाहींसा झाला असें नव्हे. पुष्कळदां तो कोणा दुसऱ्याच्या खात्यावर चढलेला असतो.

या भागाकाराला कायद्यांतहि स्थान आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणें खासगी विनाअनुदानित शाळांनीं प्रवेशाच्या वर्गांत निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात, आणि त्या मुलांमागें सरकारनें शाळेला भरपाई द्यावयाची असते. भरपाई किती? सरकारी शाळेंत एका मुलामागें होणारा खर्च, किंवा खासगी शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकीं जें कमी असेल तेवढी. केंद्राच्या आदर्श नियमांत तो खर्च काढण्याची रीत दिली आहे. सरकारनें व स्थानिक संस्थेनें आपल्या शाळांवर वर्षभरांत केलेला आवर्ती खर्च घ्यावा आणि त्या शाळांतील एकूण मुलांच्या संख्येनें त्यास भागावें. अनुदानित खासगी शाळा व त्यांतील मुलें या हिशेबांतून वगळलीं आहेत. आवर्ती खर्च म्हटल्यामुळें जमीन व इमारत यांचा खर्चहि आपोआप बाहेर राहतो.

महाराष्ट्रांत ही भरपाई दर मुलामागें वर्षाला १७,६७० रुपये अशी धरली गेली. करोनाच्या साथींत शाळांचीं दारें बंद होतीं, त्या २०२०-२१ या वर्षासाठीं ती ८,००० रुपयांवर आणण्यांत आली. या दोन आकड्यांवरून एवढें स्पष्ट होतें कीं, 'एका मुलाचा खर्च' हा निसर्गानें ठरविलेला पदार्थ नव्हे. काय धरावयाचें आणि काय सोडावयाचें याचा निर्णय कोणी तरी घेतो, आणि मग आकडा निघतो. शिवाय १७,६७० हा सर्व राज्याचा सरासरी आकडा आहे. दाट वस्तीच्या शहरांतली भरगच्च पटाची शाळा आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची नऊ मुलांची शाळा या दोहोंची सरासरी काढल्यास जो आकडा निघेल तो दोहोंपैकीं एकीलाहि लागू पडणार नाहीं.

या सरासरीचा प्रत्यक्ष परिणाम कोठें होतो तें आतां पाहूं. २०१७ च्या अखेरीस दहांहून कमी पट असलेल्या सुमारें तेराशें शाळा बंद करून तेथील मुलांना जवळच्या शाळांत घालण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें जाहीर केला. २०२३ च्या सप्टेंबरांत शिक्षण खात्यानें पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देऊन 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. त्या वेळीं वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यांत होत्या. त्यांत सुमारें १ लक्ष ८५ हजार मुलें शिकत होतीं आणि २९,७०७ शिक्षक काम करीत होते. म्हणजे सरासरीनें दर शाळेंत साडेबारा मुलें आणि दर शिक्षकामागें सहा मुलें. हे आकडे एकाखालीं एक मांडले कीं कोणत्याहि हिशेबनिसाच्या कपाळाला आठी पडेल.

समूह शाळेच्या बाजूनें जें सांगितलें जातें त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. दहा मुलांच्या शाळेंत पांच इयत्ता आणि दोन शिक्षक. त्यांतला एक सरकारी कामासाठीं तालुक्याला गेला कीं पांचहि इयत्ता एकाच्या गळ्यांत. मुलाला आपल्या वयाचा सोबती मिळत नाहीं, खेळाचा संघ जमत नाहीं, ग्रंथालय व प्रयोगाचें साहित्य येत नाहीं. मोठ्या शाळेंत या गोष्टी शक्य होतात. जेथें रस्ता चांगला आहे, अंतर थोडें आहे आणि पालक राजी आहेत, तेथें दोन लहान शाळांची एक चांगली शाळा झाली तर मुलांचा लाभच आहे.

परंतु खर्च वांचतो म्हणून हें करावयाचें असेल, तर वांचतो किती हें आधीं नीट तपासलें पाहिजे. बारा मुलांची शाळा मिटविली म्हणून बारा गुणिले एक लक्ष वीस हजार रुपये तिजोरींत परत येत नाहींत. तेथील दोन शिक्षक कायम सेवेंतले. ते 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या शाळेंत समाविष्ट होतात आणि त्यांचा पगार चालूच राहतो. बचत होते ती पुढें केव्हां तरी, निवृत्तीनें मोकळी झालेली जागा न भरली तर. उलट मुलांना नेण्याआणण्यास गाडी लागते, गाडीला इंधन व चालक लागतो, लहान मुलांसोबत एक जाणतें माणूस लागतें, आणि हा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. सरासरी खर्च आणि प्रत्यक्ष वांचणारा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावरून दुसरा ताडणें म्हणजे आगगाडीच्या डब्यांतून एक उतारू उतरला म्हणून कोळशाची त्याच्या वांट्याची रास वांचली असें मानण्यासारखें होय.

दुसरी बाजू अंतराची. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी असें धरलें आहे. हें अंतर उगाच ठरलेलें नाहीं. सहा वर्षांचें मूल पावसाळ्यांत ओढा ओलांडून किती चालूं शकेल, याचा तो अदमास आहे. कोंकणांतील वाड्या, मेळघाटांतील पाडे, सातपुड्यांतील वस्त्या या दूरदूर पसरलेल्या आहेत. तेथें पट लहान असतो तो शिक्षकाच्या आळसानें नव्हे, तर वस्तीच लहान म्हणून. अशा ठिकाणीं दर मुलामागें दिसणारा जादा खर्च हा शिक्षणाचा नसून अंतराचा आहे. शाळा मुलाजवळ नेली तर तो सरकार भरतें. मुलाला शाळेजवळ नेलें तर तोच खर्च गाडीच्या रूपानें सरकारवर, नाहीं तर पायपिटीच्या रूपानें मुलावर आणि बुडालेल्या मजुरीच्या रूपानें आईबापांवर पडतो.

आणि यांतील सर्वांत गंभीर गोष्ट भाजकाची आहे. दूरची शाळा झेपेना म्हणून एखाद्या मुलीनें शाळा सोडली, तर हिशेबाच्या दृष्टीनें काय घडतें? तिच्यावरील खर्च शून्य होतो. ज्यांना शिकविणें महाग पडतें अशीं मुलें गळून गेलीं म्हणजे उरलेल्यांचा दरडोई आकडा उतरतो आणि कागदावर व्यवस्था काटकसरीची दिसूं लागते. जी मुलगी घरीं बसली ती त्या भागाकारांत भाज्यांतहि नाहीं आणि भाजकांतहि नाहीं. म्हणून शाळेच्या खर्चाचा हिशेब केवळ पटावरील मुलांच्या संख्येनें न करतां, त्या वस्तींतील शाळेच्या वयाच्या सर्व मुलांच्या संख्येशीं ताडून पाहावयास पाहिजे. एक लहान शाळा मिटली, त्या वर्षाच्या शेवटीं तिच्या पटावरचीं किती मुलें दुसऱ्या शाळेच्या पटावर आणि हजेरींत सांपडलीं, हा आकडा बचतीच्या आकड्याशेजारीं लिहिला गेला तरच तो हिशेब पुरा म्हणतां येईल.

देशाच्या पातळीवरहि असाच एक जुना आकडा आहे. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावे असें सुचविलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तेंच उद्दिष्ट पुन्हां उच्चारलें आणि सार्वजनिक खर्च त्या वेळीं सुमारें ४.४३ टक्के असल्याचें नमूद केलें. अर्धें शतक लोटल्यावरहि दीड टक्क्याचें अंतर राहिलें होतें. अशा स्थितींत लहान शाळा महाग कीं मोठी शाळा स्वस्त हा वाद एका अपुऱ्या भाकरीच्या वांटणीचा वाद होतो, आणि भाकरीच अपुरी कां, हा प्रश्न बाजूला पडतो.

यास्तव यापुढें 'एका विद्यार्थ्यामागें इतका खर्च' असा आकडा कानीं आला, तर श्रोत्यांनीं त्याला तीन प्रश्न जरूर विचारावे. या रकमेंत काय धरलें आहे व काय सोडलें आहे? तिला किती मुलांनीं भागलें आहे, आणि त्या वस्तींतील कोणतीं मुलें त्या संख्येंत नाहींत? आणि जो खर्च वांचला असें सांगतात, तो खरोखर वांचला कीं शिक्षकाच्या, पालकाच्या वा मुलाच्या अंगावर गेला? हे प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. मालमत्ता कराच्या बिलांत शिक्षण उपकराची ओळ भरणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला आणि गृहिणीला तो अधिकार आहे. महापालिकेच्या व राज्याच्या अर्थसंकल्पाचीं पुस्तकें दर वर्षीं छापून निघतात. पुढच्या वेळीं बिल भरतांना त्यांतील शिक्षणाचें एक पान उघडून पाहिलें, तर शाळेच्या हिशेबांत नागरिकाची नजर आहे एवढें तरी संबंधितांना कळेल.